नावांची वही कोणाच्या ताब्यात?

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवून छापला आहे.)



निमंत्रणपत्रिकेवर ‘ब्लॉकचेन’ हा शब्द वाचून आत येतानाच दोघातिघांनी मला गाठलं आणि हळूच विचारलं, ‘घ्यायचं का थोडं?’ तेव्हा आधीच सांगून टाकतो. आज मी कोणाला नाणं, टोकन, काहीही घ्यायला सांगणार नाही. बोलायचंय ते नावांबद्दल. पैसे पाठवताना किंवा वेबसाइट उघडताना आपण एक नाव टाइप करतो. ते नाव आणि त्यामागचा खरा पत्ता यांची जोडी कोणीतरी, कुठल्यातरी वहीत लिहून ठेवलेली असते. ती वही कोणाच्या ताब्यात असावी, हा वाद निदान पंचवीस वर्षं चालू आहे. ब्लॉकचेनवरची नावं हे त्या वादातून निघालेलं एक उत्तर. माझं म्हणणं थोडक्यात असं, की वहीतली नोंद पक्की करणं या मंडळींना उत्तम साधलंय. त्या नोंदीला जगाची मान्यता मिळवणं मात्र साधलेलं नाही, आणि पैशाचा काय किंवा वेबसाइटचा काय, सगळा व्यवहार अखेर त्या मान्यतेवर चालतो.

३ मे २०२४ ची गोष्ट. इथेरियम या ब्लॉकचेनवर कोणा एकाला मोठी रक्कम पाठवायची होती. माणूस सावध होता. आधी चाचणीपुरती किरकोळ रक्कम पाठवून त्यानं पत्ता बरोबर असल्याची खात्री करून घेतली. इथं पत्ता म्हणजे शून्य, एक्स आणि त्यापुढे चाळीस अक्षरं-आकडे. एवढं कोणी पाठ करत नाही, पूर्ण वाचतही नाही. वॉलेटसुद्धा जागा वाचवायला सुरुवातीची आणि शेवटची चार-सहा अक्षरं दाखवतं आणि मध्ये टिंबं टाकतं. ती चाचणीची रक्कम पाहणारा एक चोर टपूनच होता. ब्लॉकचेनवर सगळेच व्यवहार सगळ्यांना दिसतात. त्यानं संगणकाकडून असा पत्ता तयार करून घेतला, की ज्याची सुरुवात आणि शेवट खऱ्या पत्त्याशी जुळेल. मग त्या पत्त्यावरून एक नाममात्र व्यवहार केला, म्हणजे सावजाच्या खात्याच्या इतिहासात तो पत्ता सगळ्यात वर दिसावा. सावजानं इतिहासातून पत्ता उचलला, चिकटवला आणि १,१५५ ‘रॅप्ड बिटकॉइन’, म्हणजे इथेरियमवर चालणारी बिटकॉइनची प्रतिरूपं, रवाना केली. किंमत सुमारे ६.८ कोटी डॉलर. पुढे बोलणी झाली आणि चोरानं बहुतेक रक्कम परत केली. असा शेवट अशा प्रकरणांत विरळाच.

आता त्या माणसानं चाळीस अक्षरांऐवजी एक साधं नाव टाइप केलं असतं तर? ब्लॉकचेनवरच्या नावांची पैशाच्या बाजूनं जी काही बाजू मांडता येते ती या एका प्रश्नात आहे, आणि ती लंगडी नाही.

ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण दरवर्षी इथं जमतो त्या सरांनी या गावातल्या पिढ्यांना भूमिती शिकवली. तेव्हा एका त्रिकोणावर थोडा वेळ घालवायला हरकत नसावी. २००१ साली झुको विल्कॉक्स या अमेरिकी प्रोग्रामरनं एक टिपण लिहिलं. पुढे ‘झीकॅश’ हे चलन काढणारा तोच हा. त्याचं म्हणणं असं, की नावांच्या कुठल्याही व्यवस्थेकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात. नाव माणसाच्या लक्षात राहावं. ते नाव दुसऱ्या कोणी बळकावू नये, म्हणजे सुरक्षित असावं. आणि नावांची वही कोणा एकाच्या ताब्यात नसावी. यातल्या दोन घ्या, तिसरी सोडा. झुकोचा त्रिकोण म्हणून हे टिपण प्रसिद्ध झालं. चाळीस अक्षरांचा पत्ता सुरक्षित आहे, कोणाच्या ताब्यातही नाही, पण लक्षात राहत नाही. वेबसाइटचं नेहमीचं डोमेन लक्षात राहतं, बऱ्यापैकी सुरक्षितही असतं, पण त्याची वही ठरावीक संस्थांच्या हाती असते.

ही वही सुरुवातीला अक्षरशः एकच होती. अर्पानेटच्या काळात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ‘होस्ट्स’ नावाची एक मजकुराची फाइल असे आणि एलिझाबेथ फाइनलर यांची तुकडी ती सांभाळत असे. नवं यंत्र जोडायचं तर त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, मग सगळ्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत कोलमडायला लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची रचना मांडली. वहीचे भाग पाडले, प्रत्येक भाग वेगळ्या हाती दिला आणि सगळ्यांच्या मुळाशी एक मूळ यादी ठेवली. आज त्या मूळ यादीचा कारभार आयकॅन ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था पाहते. आपलं ‘डॉट इन’ निक्सी या संस्थेकडे आहे. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ही त्यांच्याचकडे, २०१४ पासून. मराठीत वेबसाइटचा पत्ता घेता येतो, हे या सभागृहातल्या कितीजणांना ठाऊक होतं हे हात वर करून विचारत नाही. उत्तराचा अंदाज आहे.

जानेवारी २०११ मध्ये आरन स्वार्ट्झ या अमेरिकी प्रोग्रामरनं झुकोला उत्तर दिलं. बिटकॉइन नुकतंच आलं होतं. सगळ्यांकडे एकच वही, कोणा एकाला खाडाखोड करता येत नाही, आणि नवी नोंद कोणाची आधी आली यावर सगळ्यांचं एकमत. मग त्या वहीत पैशांऐवजी नावं लिहा, की त्रिकोणाचे तिन्ही कोन साधले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘नेमकॉइन’ सुरू झालं. त्याची नावं ‘डॉट बिट’मध्ये संपत. गणित चुकलं नव्हतं, नावं खरोखर नोंदली जाऊ लागली. पण नाव घेणं जवळपास फुकट होतं, त्यामुळे जो तो ढिगानं नावं घेऊन बसला. २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या अरविंद नारायणन आणि सहकाऱ्यांनी ती वही चाळली. सुमारे १,२०,००० नावांपैकी अडवून न ठेवलेली आणि काहीतरी खरा मजकूर असलेली नावं निघाली २८. एकशे वीस हजारांत अठ्ठावीस! एखाद्या प्रयोगाचा निकाल इतका स्वच्छ क्वचितच लागतो.

त्यातून धडा घेऊन आलेली, आज सगळ्यात मोठी म्हणता येईल अशी व्यवस्था म्हणजे इथेरियम नेम सर्व्हिस, थोडक्यात ईएनएस. न्यूझीलंडचा निक जॉन्सन हा तिचा मुख्य शिल्पकार. मे २०१७ मध्ये सुरू झाली. तिची नावं ‘डॉट ईथ’मध्ये संपतात. पहिल्या दोन वर्षांत नावं लिलावानं जात आणि बोलीची रक्कम अनामत म्हणून राही. नाव सोडलं की परत मिळे. अर्थात लोकांनी पुन्हा नावं दाबून ठेवली. २०१९ पासून वार्षिक भाडं आलं. पाच किंवा जास्त अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरी नावाला १६०, तीन अक्षरी नावाला ६४०. वर व्यवहाराची गॅस फी. म्हणजे ‘तुमच्या मालकीचं नाव’ अशी जाहिरात असली तरी हा भाडेपट्टाच आहे. भाडं ठरवण्याचा अधिकार नोव्हेंबर २०२१ पासून टोकनधारकांच्या मतदानाकडे आहे. एक मात्र म्हणेन, की नावावर भाडं लावणं हा त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय. तरीही बाजार चढायचा तो चढलाच. त्याच वर्षी बिअर बनवणाऱ्या बडवायझरनं ‘बिअर डॉट ईथ’ हे नाव ३० ईथरला, म्हणजे इथेरियमच्या चलनात, घेतलं.

नाव घेतात कसं ते पाहण्यासारखं आहे. हवं ते नाव तुम्ही एकदम मागायचं नसतं. मागितलंत तर ती मागणी मंजूर होण्याआधीच सगळ्यांना दिसते आणि कोणी चलाख माणूस जास्त फी मोजून तुमच्या आधी नोंद करून घेतो. म्हणून आधी बंद पाकीट पाठवायचं. नाव आत, पण वाचता येणार नाही असं झाकलेलं. मग किमान एक मिनिट थांबायचं. त्यानंतर पाकीट उघडून दाखवायचं आणि पैसे भरायचे. नोंद झाली की त्या नावाखाली काय ठेवायचं ते तुम्ही ठरवता: इथेरियमचा पत्ता, बिटकॉइनचा पत्ता, ईमेल, वेबसाइटच्या मजकुराची खूण. कोणी वॉलेटमध्ये तुमचं नाव टाइप केलं की वॉलेट आधी मूळ वहीला विचारतं, ‘या नावाची उत्तरं कोण देतं?’ वही एका छोट्या प्रोग्रामकडे बोट दाखवते. त्याला ‘रिझॉल्व्हर’ म्हणतात. तो चाळीस अक्षरी पत्ता काढून देतो. पाठवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. दिसतं ते नाव, रक्कम आणि ‘पाठवा’चं बटण.

हे ऐकून कोणीही म्हणेल, की अहो, हे तर यूपीआय आहे. बरोबर. एप्रिल २०१६ मध्ये रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआय सुरू केलं तेव्हा त्यातला कळीचा भाग हाच होता. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड यांच्या जागी एक नाव, मग ॲटची खूण, मग बँकेची ओळख. फरक नावात नाही, नावामागे कोण उभं आहे यात आहे. यूपीआयमध्ये ते नाव कोणाचं, हे बँकेला माहीत असतं. खातं उघडताना तुमचं पॅन, आधार, फोटो घेऊन तिनं ते तपासलेलं असतं. पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव पडद्यावर येतं, आणि जून २०२५ अखेरपासून तर बँकेच्या दप्तरात जे नाव आहे तेच दाखवायचं असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा दंडक आहे. म्हणजे कोणी स्वतःला ‘गणेश इलेक्ट्रिकल्स’ म्हणवून घेत असला तरी खातं ज्याचं त्याचंच नाव दिसणार. फसगत झालीच तर बँकेत तक्रार आहे, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण दार ठोठावायला दार आहे.

ईएनएसच्या वहीला तुम्ही कोण हे माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. एखाद्या धर्मादाय संस्थेच्या नावाशी मिळतंजुळतं, एका अक्षरानं वेगळं नाव मी आज रात्री पाच डॉलरला घेऊ शकतो आणि उद्या देणग्या गोळा करू शकतो. वेगवेगळ्या लिप्यांतली दिसायला सारखी अक्षरं एका नावात मिसळणं त्यांच्या नियमांत बसत नाही, ती सोय चांगली आहे. पण शुद्ध रोमीतल्या एका अक्षराच्या हेराफेरीला कोण अडवणार? पत्ता चुकीचा चिकटवण्याचा धोका गेला, नाव चुकीचं टाइप करण्याचा आला. आणि पैसे गेले की गेले.

दुसरी एक गोष्ट लोकांच्या फारशी ध्यानात येत नाही. तुम्ही मला यूपीआयचं नाव दिलंत तर मी तुम्हाला पैसे पाठवू शकतो, इतकंच. ब्लॉकचेनवरचं नाव दिलंत तर तुमचं अख्खं पासबुक माझ्या हाती येतं. शिल्लक किती, कोणाकडून आले, कोणाला गेले, किती वाजता गेले. चाळीस अक्षरांमागे तुम्ही लपलेले होतात, नाव लावून तुम्हीच पडदा बाजूला केलात. जाणकार म्हणून वेगळी खाती ठेवतात. नवखे ठेवत नाहीत, आणि मिरवायला म्हणून आपलं ‘डॉट ईथ’ नाव सोशल मीडियावर लावतात. लग्नाच्या पत्रिकेवर कोणी बँकेचं स्टेटमेंट छापत नाही हो!

तरीही या नावांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. ज्यांचा व्यवहार मुळातच क्रिप्टोमध्ये आहे, त्यांना नाव हवंच. सप्टेंबर २०२४ मध्ये पेपाल आणि व्हेन्मो यांनी अमेरिकेतल्या ग्राहकांना ईएनएसची नावं वापरून क्रिप्टो पाठवायची सोय दिली, ती याच गरजेतून. आपल्याकडे हिशेब निराळा आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पानं आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, तोटा दुसरीकडे वळता करू दिला नाही, आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर १ टक्का टीडीएस आणला. ईथरनं कोणाचं बिल चुकतं केलं तर ते ईथरचं हस्तांतरच ठरतं. एवढी कटकट करून चहाचे पैसे देणारा माणूस हौशीच म्हणायचा.

आता वेबसाइट. हा भाग मला स्वतःला जास्त रोचक वाटतो, कारण इथं नावाची वही आणि मजकूर ठेवायची जागा अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. ब्लॉकचेनवर वेबसाइट ठेवत नाहीत, तिथं एकेका अक्षराला पैसे पडतात. मजकूर ठेवतात तो बहुतेक वेळा आयपीएफएस या जाळ्यावर. हुआन बेनेट आणि प्रोटोकॉल लॅब्स यांनी २०१५ मध्ये ते आणलं. तिथं फाइलचा पत्ता जागेवरून ठरत नाही, मजकुरावरून ठरतो. मजकुराचं गणित करून एक लांबलचक खूण काढतात आणि ती खूण हाच पत्ता. स्वल्पविराम बदला, पत्ता बदलला. मग बदललेली खूण नावाखाली नव्यानं नोंदवायची, त्याची पुन्हा गॅस फी. एक प्रत कुठल्या यंत्रावर असेल त्यानं काही बिघडत नाही. खूण जुळली की मजकूर अस्सल. लॉगिन, फॉर्म, ऑर्डर घेणं असलं काही यावर थेट चालत नाही, चालतात ती स्थिर पानं. आणि कोणी तरी ती फाइल आपल्या यंत्रावर जपून ठेवली पाहिजे. त्याला ‘पिन करणं’ म्हणतात. कोणीच पिन केली नाही तर नाव आहे, खूण आहे, मजकूर नाही. पिन करण्याची सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्या महिन्याला पैसे घेतात. म्हणजे होस्टिंगचं बिल चुकलेलं नाही.

पण याची खरी कमाई कुठं दिसते ते सांगतो. २०१७ मध्ये कॅटलोनियात १ ऑक्टोबरला सार्वमत जाहीर झालं होतं. स्पेनच्या न्यायालयांनी ते बेकायदा ठरवलं. २० सप्टेंबरला सिव्हिल गार्डनं बार्सिलोनात ‘डॉट कॅट’ची वही सांभाळणाऱ्या संस्थेच्या कचेरीवर धाड घातली आणि तिच्या तंत्रप्रमुखाला अटक केली. वहीच ताब्यात घ्यायची, मग पानं फाडायला वेळ लागत नाही. सार्वमताची माहिती देणाऱ्या साइट एकेक करून बंद होऊ लागल्या, तशा त्यांच्या प्रती आयपीएफएसवर ठेवल्या गेल्या. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी तुर्कस्ताननं विकिपीडिया बंद केला, तेव्हा तुर्की विकिपीडियाची प्रतही अशीच तिथं आली. ती बंदी उठायला जानेवारी २०२० उजाडलं. सार्वमत योग्य की अयोग्य यात मी पडत नाही. वही एकाच कचेरीत असली की एका सकाळी काय होऊ शकतं, एवढं यातून दिसतं.

मग ‘डॉट ईथ’ असतं तर? नोंद कोणाला पुसता आली नसती, हे खरं. ती नोंद वाचायची कशी, हा प्रश्न. ‘डॉट ईथ’ हे आयकॅनच्या मूळ यादीत नाही, आणि येण्याची शक्यताही दिसत नाही. कारण फार गमतीचं आहे. ई-टी-एच हा आंतरराष्ट्रीय संकेतावलीत इथिओपियाचा तीन अक्षरी संकेत आहे, आणि देशांचे तीन अक्षरी संकेत राखीव आहेत. त्यामुळे तुमच्या-माझ्या नेहमीच्या ब्राउझरला ‘डॉट ईथ’ कळत नाही. ब्रेव्हसारख्या थोड्या ब्राउझरना कळतं. बाकीच्यांसाठी एक खिडकी लागते. नेहमीच्याच डोमेनवर उघडलेली, पलीकडच्या वहीतलं वाचून दाखवणारी.

अशी एक खिडकी होती, ‘ईथ डॉट लिंक’. हजारो साइट तिच्यातून उघडत. ते डोमेन व्हर्जिल ग्रिफिथ या प्रोग्रामरच्या नावावर होतं. २०१९ मध्ये तो उत्तर कोरियावरचे अमेरिकी निर्बंध मोडून प्योंगयांगला एका परिषदेत बोलायला गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत त्याला अटक झाली, त्यानं गुन्हा कबूल केला आणि एप्रिल २०२२ मध्ये ६३ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच जुलैमध्ये ‘ईथ डॉट लिंक’ची मुदत संपली. नूतनीकरण करू शकणारा माणूस तुरुंगात. सप्टेंबरमध्ये डोमेन दुसऱ्याला विकलं गेलं, लिलावात साडेआठ लाख डॉलरपर्यंत गेलं. ईएनएसच्या कंपनीनं ॲरिझोनातल्या फेडरल न्यायालयात धाव घेतली, न्यायालयानं मनाई हुकूम दिला आणि डोमेन परत मिळालं. कोणाच्याही परवानगीवाचून चालणारी वही वाचायची खिडकी वाचवली ती सरकारच्या न्यायाधीशानं. यावर त्या मंडळींनी फार काही बोलायचं टाळलं, ते मी समजू शकतो.

आणि इथं मी मघाच्या मुद्द्यावर येतो, नोंद आणि मान्यता. जमिनीचा व्यवहार केलेल्या प्रत्येकाला हा फरक आपल्याकडे चांगला ठाऊक आहे. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं, की उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरा. त्यापलीकडे खरेदीखत आहे, वारस आहेत, कूळ आहे, बँकेचा बोजा आहे, ताबा आहे, कोर्टाचा हुकूम आहे. योगायोग असा, की ब्लॉकचेनच्या विचाराचं मूळसुद्धा जमिनीत सापडतं. १९९८ मध्ये निक साबो या संगणकतज्ज्ञानं एक निबंध लिहून सुचवलं होतं, की मालमत्तेच्या हक्कांची नोंदवही अनेक यंत्रांवर एकसारखी ठेवा, म्हणजे कोणा एका अंमलदाराला ती बदलता येणार नाही. फेरफाराचं पान दप्तरातून गहाळ झालेलं ज्यांनी भोगलंय त्यांना या कल्पनेचा मोह कळेल. मलाही कळतो. पण साबोच्या वारसदारांनी केलेल्या वहीत ‘इतर हक्क’ हा रकानाच नाही. खात्याची गुप्त किल्ली ज्याच्याकडे, नाव त्याचं. चोरून घेतली असेल, धाकदपटशानं घेतली असेल, बापाच्या मरणानंतर धाकट्यानं उचलली असेल. वहीला त्याच्याशी कर्तव्य नाही.

नावांच्या बाबतीत आपल्या मुंबईनंच एक जुना धडा घालून दिलाय. १९९९ मध्ये रेडिफविरुद्ध सायबरबूथ हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं. समोरच्यांनी ‘रॅडिफ’ असं एका अक्षरानं वेगळं डोमेन घेतलं होतं. डोमेन हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, त्याला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि मनाई केली. हुकूम निघाला की वही सांभाळणारी संस्था तो अमलात आणते. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हीच दिशा पक्की केली. ‘डॉट ईथ’ नावाबद्दल तुम्ही असाच हुकूम आणलात, तरी तो बजावायचा कोणावर? किल्लीवाला सापडला तर त्याच्यावर. वहीवर बजावता येत नाही. कोणी याला स्वातंत्र्य म्हणेल. ज्याचं नाव उचललं गेलं तो म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण ‘डॉट कॉइन’चं. अनस्टॉपेबल डोमेन्स ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी एकरकमी पैसे घेऊन कायमची नावं विकते. तिनं ‘डॉट कॉइन’ विकायला काढलं. २०२२ मध्ये लक्षात आलं, की एमरकॉइन नावाचा एक जुना प्रकल्प २०१४ पासून तेच शेपूट वापरतोय. कंपनीनं विक्री थांबवली, गिऱ्हाइकांना भरपाईदाखल क्रेडिट दिलं आणि सांगितलं, की नाव तुमच्याच मालकीचं राहील, आमच्या सेवांमध्ये मात्र ते चालणार नाही. मालकी कायम, उपयोग शून्य. वह्या अनेक झाल्या, की असं होणारच. कुठली वही खरी हे वह्यांच्या बाहेर कोणीतरी ठरवावं लागतं. निर्णय प्रामाणिक होता, हे नमूद केलं पाहिजे. आणि याच कंपनीनं पुढे २०२४ मध्ये आयकॅनची रीतसर मान्यता घेतली, म्हणजे जुन्या वहीच्या दारात अर्ज केला.

याच काळात आपल्या रिझर्व्ह बँकेनं नेमकं उलट्या दिशेला पाऊल टाकलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं जाहीर केलं, की बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावावर यावं. नावं देण्याचा अधिकार एकट्या हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेला. मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. नागरी सहकारी बँकांनाही यात यावं लागलं, त्यामुळे आपल्या गावच्या बँकेच्या पत्त्यातला बदल काहींनी पाहिला असेल. हेतू एकच: बँकेची खोटी साइट काढणाऱ्याला हे शेपूट मिळूच नये. वही एकाच हातात, आणि तो हात सरकारी. मला विचाराल तर, सामान्य खातेदाराच्या पैशांसाठी हा मार्ग बरा. ज्याला सरकारचीच भीती आहे, ज्याची साइट उद्या सकाळी बंद पडू शकते, त्याला हा मार्ग काय कामाचा? त्यानं आयपीएफएसवर प्रत ठेवावी, ‘डॉट ईथ’वर खूण नोंदवावी आणि नेहमीचं डोमेनही सोडू नये.

ज्या संस्थांचे कार्यकर्ते इथं बसले आहेत आणि ज्यांना परदेशातून क्रिप्टोत देणगी घ्यायचा मोह होतोय, त्यांना कळकळीचं सांगणं: घेऊ नका. परदेशी देणगीचा कायदा, आयकर आणि धर्मादाय आयुक्त यांची उत्तरं देता देता नाकी नऊ येतील. तरी कोणी हौसेनं संस्थेचं नाव राखून ठेवायला घेतलंच, तर किल्ली एका तरुण कार्यकर्त्याच्या फोनमध्ये ठेवू नका. तो नोकरीला पुण्याला जातो, फोन बदलतो, आणि नाव गेलं. तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतील असं खातं काढता येतं. सभेत ठराव करून कोणाकोणाच्या सह्या ते लिहून ठेवा. बँकेत नॉमिनी असतो, इथं नाही.

मुदतीकडेही लक्ष ठेवा. ‘डॉट ईथ’ची मुदत संपली की ९० दिवस सवलतीचे. त्यानंतर नाव खुलं होतं, पण पहिल्या दिवशी त्यावर १० कोटी डॉलरचा वाढीव आकार असतो. तो रोज निम्मा होत २१ दिवसांत शून्यावर येतो. लोक टपून बसतात आणि आपापल्या ऐपतीच्या दिवशी उचलतात. नूतनीकरणाचे पैसे भरायला मात्र मालक असावं लागत नाही. कोणाच्याही नावाचं भाडं कोणीही भरू शकतं, किल्ली नसली तरी. किल्लीवाला हयात नसला, रुसला असला, ग्रिफिथसारखा तुरुंगात असला, तरी वर्षाला पाच डॉलर भरून नाव वर्षानुवर्षं अडवून धरता येतं. त्याखालचा पत्ता तेवढा बदलता येत नाही. त्यावर आलेले पैसे काढताही येत नाहीत. तेव्हा कोणी भाडं भरत राहायचं ठरवलंच, तर आधी त्या नावाखालचा पत्ता कोणाचा आहे ते तपासून पाहा.

प्रश्नांसाठी अर्धा तास राखलाय असं अध्यक्षांनी सांगितलं होतं. माइक तिकडे मागच्या रांगेत द्या, त्यांचा हात केव्हाचा वर आहे.